क्रिस्टोफर रेन

सर क्रिस्टोफर रेन (जन्म : २० ऑक्टोबर, इ.स. १६३२ - मृत्यू : २५ फेब्रुवारी, इ.स. १७२३) हे इंग्लंडमधील वास्तुविशारद, गणिती व खगोलशास्त्रज्ञ होते. लंडनमधील सेंट पॉल्स कॅथेड्रल ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध वास्तू होय. तिच्यासाठी केलेली रेखाचित्रे व लाकडी प्रतिकृती यांमुळे वास्तुकल्पना इतरांना कशी पटवून दिली जाते, आणि कधी पटवून देता येत नाही, याच्या अभ्यासात रेन यांच्या कार्याला विशेष स्थान आहे.

प्रारंभिक जीवन

रेन यांचा जन्म विल्टशायर परगण्यातील ईस्ट नॉइल या गावी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते व पुढे ते विंडसर येथे डीन झाले. रेन यांचे शिक्षण ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात झाले. इ.स. १६५७मध्ये ते लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात व इ.स. १६६१मध्ये ऑक्सफर्ड येथे खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

इमारती बांधण्यापूर्वीच चित्र व प्रतिकृती ही त्यांची विचार मांडण्याची साधने बनली होती. थॉमस विलिस यांच्या मेंदूविषयक ग्रंथासाठी (इ.स. १६६४) त्यांनी आकृत्या काढल्या. राजा दुसरा चार्ल्स याच्यासाठी त्यांनी चंद्राच्या पृष्ठभागावरील उंचसखलपणा दाखविणारा गोल तयार केला. ऑक्सफर्डमधील शेल्डोनियन थिएटरची प्रतिकृती त्यांनी इ.स. १६६३मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली होती.

लंडनची आग

सप्टेंबर इ.स. १६६६मध्ये लागलेल्या भीषण आगीत लंडनमधील सुमारे १३,००० घरे, ८७ चर्च व जुने सेंट पॉल्स कॅथेड्रल भस्मसात झाले. आग विझल्यानंतर काही दिवसांतच रेन यांनी रुंद, सरळ रस्त्यांच्या नव्या शहराचा नकाशा राजाला सादर केला. जमिनीच्या मालकीचे प्रश्न व पुनर्बांधणीची घाई यांमुळे तो अमलात आला नाही. इ.स. १६६९मध्ये राजाच्या बांधकामांचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांच्या देखरेखीखाली शहरातील ५०हून अधिक चर्च नव्याने बांधण्यात आली.

महाप्रतिकृती

कॅथेड्रलसाठी रेन यांनी एकामागून एक आराखडे केले. त्यांपैकी एका आराखड्याची भव्य प्रतिकृती इ.स. १६७३-७४मध्ये तयार झाली. विल्यम क्लीअर या सुताराने मुख्यतः ओक लाकडात घडविलेली ही प्रतिकृती ६ मीटरहून अधिक लांब असून तिच्यासाठी सुमारे ६०० पौंड खर्च आला. तलविन्यास व छेदचित्र वाचण्याची सवय नसलेल्या राजाला आणि धर्माधिकाऱ्यांना नियोजित वास्तू डोळ्यांसमोर उभी करून दाखविणे, हा तिचा हेतू होता. प्रतिकृतीच्या आत उभे राहून अंतर्भागही पाहता येत असे.

मात्र हीच स्पष्टता रेन यांना प्रतिकूल ठरली. मध्यवर्ती घुमटाभोवती रचलेली ही वास्तू परंपरागत इंग्रजी कॅथेड्रलसारखी दिसत नाही, हे धर्माधिकाऱ्यांच्या तत्काळ ध्यानात आले. शिवाय ती टप्प्याटप्प्याने बांधणे अवघड होते. परिणामी हा आराखडा नाकारण्यात आला. यापुढे प्रतिकृती करावयाच्या नाहीत व आपली रेखाचित्रे जाहीरपणे दाखवावयाची नाहीत, असे रेन यांनी ठरविल्याचे त्यांच्या मुलाने संकलित केलेल्या कौटुंबिक चरित्रग्रंथात नमूद आहे.

मंजूर आराखडा आणि प्रत्यक्ष बांधकाम

इ.स. १६७५मध्ये राजाने लांबट क्रूसाच्या आकाराचा, घुमटावर उंच मनोरा असलेला एक वेगळा आराखडा मंजूर केला. तपशिलात बदल करण्याची मुभाही त्याने रेन यांना दिली. या मुभेचा रेन यांनी पुरेपूर उपयोग केला. क्रूसाकृती तलविन्यास टिकला. परंतु मनोऱ्याची कल्पना सोडण्यात आली आणि तिच्या जागी भव्य घुमट उभा राहिला.

या घुमटाची रचना त्रिस्तरीय आहे. आतून दिसणारा घुमट आणि बाहेरून दिसणारा, शिशाच्या पत्र्याने मढविलेला लाकडी घुमट यांच्या दरम्यान विटांचा शंकू असून शिखरावरील जड दगडी दीपगृहाचा भार तो पेलतो. हा शंकू आतून वा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ही रचना छेदचित्रावरूनच नीट उमगते. वास्तूची एकूण उंची सुमारे १११ मीटर आहे.

काम रेंगाळल्याचा ठपका ठेवून इ.स. १६९७मध्ये संसदेने रेन यांचे निम्मे वेतन रोखून धरले. इ.स. १७११मध्ये कॅथेड्रल पूर्ण झाल्याचे घोषित झाल्यावर ते अदा करण्यात आले.

अखेरचा काळ व वारसा

इ.स. १७१८मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, रेन यांना बांधकामप्रमुख पदावरून दूर करण्यात आले. निधनानंतर त्यांचे दफन सेंट पॉल्सच्या तळघरात झाले. त्यांच्या कार्यालयातील अनेक रेखाचित्रे ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजात जतन केलेली आहेत. नाकारली गेलेली महाप्रतिकृती आजही सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये असून, न बांधलेली वास्तू आणि बांधलेली वास्तू यांची तुलना तेथे एकाच छताखाली करता येते.