पंधरा हजार मतांचा हिशेब

केंटकीतल्या सधन, गुलाम बाळगणाऱ्या घरात १७९२ साली जेम्स बर्नी जन्मला. वकील झाला, मळा केला. पण मन खाऊ लागले, तेव्हा त्याने आपले गुलाम मुक्त केले. सिनसिनाटीत वर्तमानपत्र काढले, तर १८३६ साली जमावाने छापखाना मोडला.

१८४४ मध्ये लिबर्टी पक्षातर्फे तो अध्यक्षपदासाठी उभा राहिला. देशभरात मते जेमतेम ६२ हजार! पण न्यूयॉर्कमध्ये त्याला १५,८१२ मते पडली आणि हेन्री क्ले तिथे सुमारे ५ हजारांनी हरला. ते राज्य गेले, तसे अध्यक्षपदही गेले. पोल्क निवडून आला. १८४५ मध्ये टेक्सास गुलामगिरीसकट संघराज्यात आले.

पण क्लेही गुलामांचाच मालक! त्याला मत द्यायचे तरी कसे? बर्नी १८५७ साली गेला. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. हिशेब मात्र अजून जुळत नाही.