वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

वीर पुरुष म्हटला की हातात तलवार किंवा बंदूक घेऊन शत्रूवर तुटून पडणारा योद्धा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु सैन्याचे यश केवळ लढणाऱ्या हातांवर अवलंबून नसते. वाटेत नदी आडवी आली तर पूल बांधणारे, रस्ता तुटला तर नवा रस्ता तयार करणारे आणि शत्रूने जमिनीत पेरून ठेवलेले सुरुंग काढून टाकणारे हातही सैन्याजवळ असावे लागतात. त्यांना गोळीला गोळीने उत्तर देण्याची सवड नसते. भोवती गोळ्यांचा पाऊस पडत असता मान खाली घालून व मन स्थिर ठेवून हाती घेतलेले काम त्यांना पुरे करावे लागते. अशा कामातही पराक्रमाची पराकाष्ठा होऊ शकते, हे मेजर रामा राघोबा राणे यांनी दाखवून दिले.

रामा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवार तालुक्यातील चेंडिया या गावी झाला. हा तालुका आज कर्नाटक राज्यात असला, तरी त्या काळी तो मुंबई इलाख्यात होता. एका बाजूस सह्याद्रीच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूस अथांग सागर, असा हा निसर्गसुंदर प्रदेश. वडील राघोबा राणे पोलीस शिपाई होते. त्यांची बदली होईल तेथे बिऱ्हाड हलवावे लागे आणि रामाची शाळाही बदले. १९३० साली देशभर स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे वाहू लागले. बारा वर्षांच्या रामाच्या मनावरही त्या चळवळीची मोहिनी पडली. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांना चिंता वाटू लागली व त्यांनी कुटुंब पुन्हा चेंडियास नेऊन ठेवले. देशासाठी काही करावे, ही ऊर्मी मात्र मुलाच्या मनात रुजली ती रुजलीच.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. १० जुलै १९४० रोजी बावीस वर्षांचे राणे लष्करात भरती झाले. त्यांची नेमणूक बाँबे इंजिनिअर्स या पथकात झाली. या पथकाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे. तेथील खडतर शिक्षणात राणे यांनी असे प्रावीण्य मिळवले, की त्यांच्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट जवान म्हणून त्यांचा गौरव झाला. त्यानंतर त्यांची रवानगी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाली. तेथे आपल्या सैन्याला एकदा बुथिडाँग येथून माघार घ्यावी लागली. मागे राहिलेला दारूगोळा जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून तो नष्ट करण्याचे काम राणे व त्यांच्या सोबत्यांवर सोपवण्यात आले. काम झाल्यावर त्यांना नेण्यासाठी होड्या येणार होत्या. त्या आल्याच नाहीत. तेव्हा जपानी पहारेकऱ्यांची नजर चुकवून त्यांनी नदी पार केली व आपले सैन्य गाठले. या धैर्याबद्दल राणे यांना हवालदारपदी बढती मिळाली. स्वातंत्र्यानंतर १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. साधा शिपाई म्हणून सैन्यात शिरलेला तरुण आपल्या कर्तृत्वाने अधिकारी बनला.

तो काळ मोठा कसोटीचा होता. इकडे नांदेड-लातूरचा मुलूख अद्याप निजामाच्या अमलाखाली होता आणि तेथील जनता मुक्तीसाठी झुंजत होती. तिकडे जम्मू-काश्मीरवर पाकिस्तानच्या साहाय्याने टोळीवाल्यांनी आक्रमण केले होते. राजौरी हे गाव नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांच्या हाती पडले होते व तेथील अनेक निरपराध लोकांना प्राणांस मुकावे लागले होते. उरलेल्यांच्या सुटकेसाठी तेथे शक्य तितक्या लवकर पोहोचणे अवश्य होते. ८ एप्रिल १९४८ रोजी आपल्या सैन्याने नौशेऱ्याकडून राजौरीच्या दिशेने कूच केले.

परंतु ही वाट सोपी नव्हती. डोंगराच्या कडेने सापासारखी वळणे घेत जाणारा अरुंद रस्ता शत्रूने जागोजागी अडवला होता. कोठे मोठमोठी झाडे आडवी पाडली होती, कोठे मोऱ्या उडवून दिल्या होत्या. आणि सर्वांत भयंकर म्हणजे रस्त्यात सुरुंग पेरले होते. सुरुंग वरून दिसत नाही. मातीखाली दडलेल्या सुरुंगावर चाकाचा भार पडताच त्याचा स्फोट होतो आणि अवजड रणगाडाही जागच्या जागी निकामी होतो. म्हणून कोणीतरी पुढे होऊन जमीन तपासावी लागते, हलक्या हाताने माती दूर करावी लागते आणि सुरुंग निकामी करून बाहेर काढावा लागतो. हात किंचित चुकला, तर दुसरी संधी मिळत नाही. हे काम ज्या तुकडीकडे होते, तिचे प्रमुख राणे होते.

पहिल्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास संकट ओढवले. राणे आपल्या तुकडीसह रणगाड्यांपाशी सज्ज असताना शत्रूने उखळी तोफांचा भडिमार सुरू केला. तुकडीतील दोन जवान ठार झाले व पाच जखमी झाले. त्या जखमींत स्वतः राणेही होते. डोळ्यांदेखत सोबती पडलेले आणि स्वतःच्या अंगातून रक्त वाहत असलेले. अशा वेळी कोणाचेही मन डळमळले असते. राणे यांनी उरलेल्या जवानांची तत्काळ जमवाजमव केली आणि कामास हात घातला. त्या दिवशी सायंकाळी डोग्रा पलटणीने बरवालीची टेकडी जिंकली. शत्रूचे सैनिक अद्याप आसपास होतेच. तरीही राणे आपली तुकडी घेऊन पुढे सरसावले व रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करू लागले. रात्री दहापर्यंत शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात हे काम चालू होते.

दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, सकाळी सहा वाजता ते पुन्हा कामावर हजर झाले. दुपारी तीन वाजता वळणरस्ता पुरा झाला व रणगाडे पुढे निघाले. राणे सर्वांत पुढच्या गाडीत जाऊन बसले. अर्ध्या मैलावर झाडे आडवी पाडलेली आढळली. राणे खाली उतरले व त्यांनी ती सुरुंगाने उडवून दिली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तोच प्रकार. त्यानंतर फुटलेली मोरी, पुन्हा झाडे, पुन्हा गोळीबार. संध्याकाळी अंधार पडू लागला तेव्हा पाईनच्या पाच प्रचंड वृक्षांनी वाट अडवलेली दिसली. भोवती सुरुंग पेरलेले होते आणि समोरून मशीनगनचा मारा होत होता. राणे त्याही वेळी सुरुंग काढू लागले होते. परंतु सेनाधिकाऱ्यांनी परिस्थिती ओळखून त्या रात्रीपुरता मुक्काम करण्याचे ठरवले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाच वाजताच राणे त्या वृक्षांशी झगडू लागले. साडेसहा वाजता तो अडथळा दूर झाला. पुढील हजार यार्डांचा रस्ता अडथळ्यांनी व उद्ध्वस्त बांधांनी भरलेला होता. तोही त्यांनी साडेदहापर्यंत मोकळा केला. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोन वाजता चिंगस येथे पोहोचले. मोगल बादशहांच्या काश्मीरच्या प्रवासातील मुक्कामाचे हे जुने ठिकाण होय. रणगाडे पुढे गेले म्हणजे आपले काम संपले, असे राणे यांनी मानले नाही. लढणाऱ्यांच्या मागून रसद व दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच हवा होता. म्हणून अन्न व विश्रांती यांची पर्वा न करता ते रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करीत राहिले. ११ एप्रिलला सकाळी सहाला त्यांनी पुन्हा आरंभ केला. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. पुढील रस्त्यावरचे काम रात्री दहापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, भारतीय सैन्याने राजौरीत प्रवेश केला. राजौरीच्या पीडित जनतेला आपल्या सैन्याचे दर्शन झाले, ते या चार दिवसांच्या अविश्रांत श्रमांमुळे.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत सरकारने युद्धातील सर्वोच्च शौर्यासाठी परमवीरचक्र हा सन्मान सुरू केला. १९४७-४८ च्या युद्धातील पाच वीरांना तो लाभला. त्यांपैकी तिघांनी रणांगणावर देह ठेवला होता. लान्सनाईक करमसिंग आणि सेकंड लेफ्टनंट राणे या दोघांनाच तो जिवंतपणी मिळाला. चेंडियासारख्या लहानशा गावातील एका पोलीस शिपायाचा मुलगा देशाच्या सर्वश्रेष्ठ वीरांच्या पंक्तीस जाऊन बसला.

हा गौरव मिळाल्यानंतरही राणे यांनी सैन्याची सेवा अखंड चालू ठेवली. लष्करी अहवालांत पाच वेळा त्यांचा गौरवाने उल्लेख झाला. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. परंतु त्यांच्या अनुभवाची सैन्याला गरज होती, म्हणून १९७१ च्या एप्रिलपर्यंत ते पुन्हा कामावर राहिले. सैनिकाचा संसार म्हणजे बदल्या, विरह आणि प्रतीक्षा. बालपणी वडिलांच्या बदल्यांबरोबर ज्यांचे घर सतत हलले, त्यांनी स्वतःच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षेही अशाच भ्रमंतीत घालवली. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

देशाने आपल्या या सुपुत्राची आठवण जतन केली आहे. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभारण्यात आला आहे. भारतीय नौवहन महामंडळाने १९८४ साली आपल्या एका तेलवाहू जहाजास त्यांचे नाव दिले होते. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली. त्यांतील एक बेट राणे यांच्या नावाने ओळखले जाते.

परंतु राणे यांचे खरे स्मारक नौशेरा ते राजौरी हा रस्ता होय. त्या चार दिवसांत त्यांनी कोणता किल्ला जिंकला नाही की शत्रूचा झेंडा हिसकावून आणला नाही. वाटेत दडून बसलेला मृत्यू त्यांनी आपल्या हातांनी एकेक करून बाजूस सारला आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी केली. कितीतरी जवान त्या वाटेने सुखरूप पुढे गेले. त्यांतील बहुतेकांना आपल्या पायांखालची जमीन कोणी निर्धोक केली, हे ठाऊकही नसेल. ते ठाऊक व्हावे, अशी अपेक्षा राणे यांनी कधी धरली नाही.