डायनासोरच्या पाठीवर बसून स्टेजवरून गायब होणारा माणूस

साल १९१४. शिकागोचं पॅलेस थिएटर. स्टेजवर एक माणूस चाबूक घेऊन उभा, शेजारी सिनेमाचा पडदा. तो हाक मारतो आणि पडद्यावरच्या गुहेतून एक मादी डायनासोर डोकं बाहेर काढते. तिचं नाव गर्टी.

हा माणूस म्हणजे विन्सर मॅके. ‘लिटल निमो’ कॉमिकमुळे आधीच गाजलेला चित्रकार. १९०६ पासून तो स्टेजवर खडूने झरझर चित्रं काढून दाखवायचा. गर्टीसाठी मात्र हजारो चित्रं लागली. मागचे डोंगर, दगडसुद्धा दरवेळी पुन्हा काढायचे! हे कंटाळवाणं काम जॉन फिट्झसिमन्स या मदतनीसाच्या वाट्याला आलं.

खरी कसोटी टायमिंगची. फिल्म कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मॅकेलाच तिच्या वेगाने बोलावं लागे. तो रागावला की गर्टी रडायची. तो पुठ्ठ्याचं सफरचंद फेकल्यासारखं करून लपवायचा, तिकडे गर्टी फळ गिळायची. शेवटी तो पडद्यामागे जायचा आणि चित्रातला मॅके गर्टीवर स्वार होऊन निघायचा.

पब्लिक खूश, पण मालक नाराज. मॅके विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वर्तमानपत्रांत नोकरीला होता. पगारी चित्रकाराने थिएटरं गाजवत फिरावं हे हर्स्टला पटेना. त्याने स्टेज शोवर बंधनं घातली.

वर्षअखेरीस विल्यम फॉक्सने गर्टी सिनेमागृहांत आणली. सुरुवातीला खऱ्या माणसांचा, मित्रांशी लागलेल्या पैजेचा प्रसंग जोडला. मॅकेच्या बोलण्याच्या जागी पाट्या आल्या. आज इंटरनेटवर दिसते ती हीच गर्टी.

मॅके १९३४ मध्ये गेला. १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नेने टीव्हीवर तो शो पुन्हा उभा केला, तेव्हा बारकावे सांगायला मॅकेचा मुलगा रॉबर्ट होता.