मिलिंद राजा आणि त्याचे चौकोनी नाणे



आपल्या वस्तीत मिलिंद नावाचा एक तरी मुलगा सापडेलच. ज्या राजाचे हे नाव, तो जन्माने ग्रीक होता हे मुलांना सांगा. ग्रीक लोक त्याला मेनँडर म्हणत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास वायव्य भारतावर त्याचे राज्य होते. त्याची राजधानी सागल म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट, असे विद्वान मानतात.

हा केवळ पोथीतला राजा, असे कोणी म्हणाले तर त्याच्या नाण्यांकडे बोट दाखवा. १८३० नंतरच्या दशकात चार्ल्स मॅसन याने अफगाणिस्तानातील बेग्रामच्या माळावरून हजारो जुनी नाणी गोळा केली. त्यांत बहुतेक तांब्या-काशाची होती. सोन्याचांदीच्या लोभाने ती टाकून दिली असती, तर केवढा इतिहास बुडाला असता! मिलिंदाच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे आहेत. अशा दुहेरी लिपीच्या नाण्यांच्या आधारेच जेम्स प्रिन्सेप आदी विद्वानांनी विसरलेली खरोष्ठी पुन्हा वाचली.

त्याच्या चांदीच्या नाण्यांवर अथीना ही ग्रीक देवता आहे. पण एका लहान, चौकोनी नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र आहे. कोणी त्यास धम्मचक्र म्हणतात, कोणी चक्रवर्ती राजाची खूण. वाद असो, त्याच्या मनाचा पालट 'मिलिंद पञ्ह' या पाली ग्रंथात दिसतो.

मिलिंद मोठा वादपटू होता. भिक्खू नागसेनांनी त्याला अट घातली, की वाद पंडितांसारखा व्हावा, राजासारखा नव्हे. कारण पंडित हरला तरी रागावत नाही, राजा मात्र दंड करतो. हाती सैन्य असूनही मिलिंदाने ती अट मानली. त्याने शंकेमागून शंका विचारली, आणि उत्तर पटले तेथे मोकळेपणाने कबूल केले. अखेर तो उपासक झाला, असे ग्रंथ सांगतो. त्याच्या मृत्यूनंतर नगरांनी त्याची रक्षा वाटून घेऊन स्मारके उभारली, असे प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो.

बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघे तेथे शेजारी आहेत.

आता आपल्या घरात पाहा. मुलाचे नाव मिलिंद ठेवले. पण त्याने भिंतीवरच्या जुन्या तसबिरीविषयी प्रश्न विचारला, तर आपण त्याला गप्प बसवतो काय? अथीनेची नाणी पाडणाऱ्या राजाचे उदाहरण देऊन आपल्याला सुटता येणार नाही. १९५६ साली आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. नाण्यावर ठसा एका घावात उमटतो. मनावर तो प्रश्नोत्तरांनी उमटतो. म्हणून मुलाला विचारू द्या, आणि उत्तर येत नसेल तर त्याच्या शेजारी बसून आपणही शिका.