हंटर स्ट्रीटवरच्या रखमाबाई

लंडनमध्ये रसेल स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की हंटर स्ट्रीट लागतो. त्या भागातून मी कितीतरी वर्षे कामाला जात होते. तिथे एकेकाळी स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय होते आणि १८८९ साली मुंबईहून आलेली एक मराठी तरुणी तिथे शिकली, हे मला फार उशिरा, सुट्टीत दादरला घेतलेल्या एका पुस्तकातून कळले. यंदा मंडळाकडून स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला, तेव्हा दुसरे नाव सुचलेच नाही. डॉ. रखमाबाई!

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईचा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाला मनाई नव्हती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. सावत्र वडील म्हटले की आपल्या मनात जे चित्र येते, त्याच्या अगदी उलट. मुलगी वाचते आहे याचा त्यांना आनंदच होता.

तरीही रिवाज चुकला नाही. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झाले. मुलगी माहेरीच राहिली. दादाजींनी शिकून काही करावे अशी सासरेबुवांची इच्छा होती, पण त्यांचे मन अभ्यासात रमले नाही. ते मामाच्या आश्रयाला राहिले. इकडे रखमा मिशनच्या वाचनालयातली पुस्तके घरी आणून, कोणा मास्तरांशिवाय, स्वतःला घडवत होती. दहा वर्षांत ती दोन माणसे एकमेकांपासून किती लांब गेली असतील याची कल्पना करावी!

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको माझ्या घरी नांदायला पाठवा. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५मध्ये तो फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या आणि नवऱ्याबरोबर कधीही न राहिलेल्या बाईला जबरदस्तीने त्याच्या घरी पाठवणे त्यांना मान्य नव्हते. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह आणि वैधव्य यांवर दोन पत्रे आली होती. ती रखमाबाईंनीच लिहिली होती. आणि याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा राहणारा माणूसच गेला.

अपिलात प्रकरण पुन्हा उभे राहिले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवले, की तुरुंग चालेल.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या त्या २६ फेब्रुवारी १८८७ला, म्हणजे या निकालाच्या सहाच दिवस आधी. अवघा महाराष्ट्र एकीसाठी हळहळत होता आणि दुसरीवर तुटून पडत होता. ज्या लोकमान्यांमुळे आपण आज इथे परदेशातही सार्वजनिक गणपती बसवतो, तेही या प्रकरणात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होते. त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी होत नाही, पण हे झाकून लेख लिहिणे मला जमले नसते.

राणी व्हिक्टोरियाने निकाल फिरवला अशी कथा अजून सांगितली जाते. प्रत्यक्षात जुलै १८८८मध्ये तडजोड झाली, दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. परीकथेपेक्षा हे रुक्ष आहे खरे. पण मला वाटते, रखमाबाईंची खरी ओळख यानंतर होते. लढा संपला, पुढे काय? वय चोवीस वर्षांचे, औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी डॉक्टरकीचा मार्ग दाखवला. खुद्द पीचीबाईंना एडिंबरात शिकायला मिळावे म्हणून भांडावे लागले होते, त्यामुळे त्यांना नेमके काय लागते ते माहीत असावे. १८८९ला रखमाबाई बोटीत बसल्या आणि १८९४ला डॉक्टर झाल्या. इथल्या सभांतून भाषणे करत त्यांना मानाने राहता आले असते. त्या गेल्या सुरतेला, स्त्रियांच्या इस्पितळात. नंतर राजकोटला. मिळून तीस वर्षांहून अधिक काळ बाळंतपणे आणि आजारपणे, तीही अशा बायकांची ज्या पुरुष डॉक्टरसमोर येत नसत. निवृत्तीनंतर पडदा मोडण्याविषयी त्यांनी एक पुस्तिका काढली.

माझ्या मुलीला ही सगळी हकीकत आवडली, एक गोष्ट सोडून. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. ज्याच्या घरी पाऊल टाकायला नकार दिला, त्याच्यासाठी? मुलगी चिडलीच. मग हा सगळा खटाटोप कशाला, असे तिचे म्हणणे. मला उत्तर देता आले नाही.

पण मला माझी आई आठवली. २००८ साली बाबा गेले तेव्हा आईने कुंकू पुसले, आणि मी इथून फोनवर तिच्याशी आठवडाभर भांडले. हल्ली कोणी असे करत नाही, हे मी तिला परोपरीने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तिला हवे तेच केले. मी तिला मागासलेली ठरवून मोकळी झाले होते. रखमाबाईंचे चरित्र वाचल्यावर मी तिला फोन केला, पण तो विषय काढायचा धीर झाला नाही; पावसाबद्दल बोललो आम्ही.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ला, नव्वदाव्या वर्षी वारल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता आणि देशभरातल्या हिंदू स्त्रियांना घटस्फोट मागण्याची सोय झाली होती. नांदायला येण्याचा हुकूम कोर्टाकडे मागण्याची तरतूद त्याच कायद्याच्या ९व्या कलमात राहिली. तुरुंग मात्र त्यात नाही.