प्लांक यांचे सर्वांत लहान माप

१८७४ मध्ये म्युनिकमधील एका सोळा वर्षांच्या मुलाने भौतिकशास्त्र शिकायचे ठरवले. या शास्त्रात नवे शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही, असे सांगून प्राध्यापक फिलिप फॉन यॉली यांनी त्याला परावृत्त करून पाहिले. नवे काही सापडले नाही तरी चालेल, पाया नीट समजला पाहिजे, एवढीच त्या मुलाची इच्छा होती. त्याचे नाव मॅक्स प्लांक.

१८८९ मध्ये बर्लिनला गेलेल्या प्लांक यांना माणसाच्या सोयीने न बदलणाऱ्या गोष्टींची ओढ होती. मीटर आणि सेकंद माणसाने ठरवले. मग निसर्गाची स्वतःची मापे कोणती? प्रकाशाचा वेग, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि तप्त वस्तूंच्या प्रारणाच्या अभ्यासात सापडलेला नवा स्थिरांक यांच्या आधारे त्यांनी १८९९ मध्ये ती मांडली. त्यातील लांबीला आज ‘प्लांक लांबी’ म्हणतात. प्रोटॉनच्या व्यासाचे एकावर वीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातील साधारण एका भागाएवढी ती भरते. डिसेंबर १९०० मध्ये याच स्थिरांकातून पुंजसिद्धांताची सुरुवात झाली. त्यासाठी त्यांना १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन या अपरिचित तरुणाने सापेक्षतेचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याचे महत्त्व प्रथम ओळखणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञांत प्लांक होते. पण इथेच एक पेच दडलेला होता. सापेक्षतेनुसार वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला लांबी आखूड दिसते. मग प्लांक लांबी सर्वांना सारखीच कशी दिसेल?

घरात मात्र आघातांमागून आघात झाले. १९०९ मध्ये पत्नी गेली. १९१६ मध्ये मोठा मुलगा कार्ल व्हर्दनच्या लढाईत मारला गेला. जुळ्या मुलींपैकी ग्रेटे १९१७ मध्ये आणि एम्मा १९१९ मध्ये, दोघीही बाळंतपणानंतर दगावल्या. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात राहते घर कागदपत्रांसह जळाले. हिटलरविरोधी कटाच्या आरोपावरून मुलगा एर्विन याला जानेवारी १९४५ मध्ये फाशी झाली. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, प्लांक यांनी ग्योटिंगेनमध्ये देह ठेवला.

त्यांच्या मागे राहिलेल्या त्या पेचावर २००० च्या सुमारास इटलीचे जिओव्हानी आमेलिनो-कामेलिया यांनी एक वाट सुचवली. प्रकाशाच्या वेगाबरोबर प्लांक यांचे मापही सर्वांसाठी एकच राहील, अशा रीतीने सापेक्षतेचे नियमच थोडे बदलायचे. अतिप्रचंड ऊर्जेला हा बदल जाणवेल. पण त्याची किंमत मोठी आहे. दोन कण एका जागी आदळले, ही घटना जवळच्या निरीक्षकाला एका बिंदूत दिसेल. फार दूरच्या निरीक्षकाच्या हिशेबात मात्र ते दोन कण वेगवेगळ्या जागी असतील. म्हणजे घटना नेमकी कुठे घडली, यावरही एकमत राहणार नाही. काहींना हा सिद्धांतातील दोष वाटतो. २०११ मध्ये आमेलिनो-कामेलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जागा’ हीच सापेक्ष मानावी, असे सुचवले.

याची कसोटी आकाशात लागते. २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीने सुमारे सात अब्ज वर्षे प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला. ऊर्जेनुसार प्रकाशाचा वेग बदलत असता, तर त्यातील सर्वांत ऊर्जावान कण मागेपुढे पोहोचायला हवा होता. तसा फरक आढळला नाही आणि काही सोप्या कल्पना मागे पडल्या. प्लांक यांचे माप आणि त्यांनीच उचलून धरलेली सापेक्षता यांचा मेळ मात्र अजून लागायचा आहे.