राजर्षी शाहू आणि राधानगरीचा प्रकाश

कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटर गेले, की सह्याद्रीच्या दाट अरण्याने वेढलेला एक विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. भोगावती नदी अडवून तो निर्माण केलेला आहे. या जलाशयाचे नाव लक्ष्मी तलाव आणि जवळच्या गावाचे नाव राधानगरी. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, म्हणजे धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या भाराने आपोआप उघडतात आणि शुभ्र फेसाळ पाणी गर्जना करीत खाली झेपावते. याच तलावाच्या पाण्यावर वीजही निर्माण होते. ज्या राजाने हे पाणी अडविण्याचा संकल्प केला, त्याला मात्र ना हे दरवाजे उघडलेले पाहावयास मिळाले, ना या पाण्यातून उजळलेला एखादा दिवा. तो राजा म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापुरात कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. ते तीन वर्षांचे असतानाच त्यांच्या मातोश्री राधाबाई वारल्या. पुढे १८८४ साली कोल्हापूरच्या राणी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि वयाच्या दहाव्या वर्षी यशवंत शाहू छत्रपती झाला. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

राज्य हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात, तोच १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरांना चारा मिळेना आणि गोरगरिबांच्या चुली थंड पडल्या. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, लोकांना काम मिळावे म्हणून रस्त्यांची व विहिरींची कामे काढली. स्वतः गावोगाव फिरून त्यांनी रयतेची विचारपूस केली. या फिरण्यात एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. संस्थानाच्या पश्चिमेस डोंगरांवर धो धो पाऊस कोसळतो. पण ते सारे पाणी चार महिन्यांत नद्यांवाटे वाहून जाते. उन्हाळा आला, की त्याच नद्यांच्या काठचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. पाण्याची वाण नव्हती. वाण होती ती पाणी साठविण्याची.

१९०२ साली महाराज इंग्लंडला गेले. त्या वेळी लंडन शहरात विजेचे दिवे लागत होते आणि जमिनीखालून विजेवर चालणारी रेल्वे धावत होती. ही वीज काही एका दिवसात माणसाच्या हाती आलेली नव्हती. १८३१ साली मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनमध्येच एक मोठा शोध लावला होता. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर हलविला, की तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागतो, असे त्याला आढळले. पुढे या तत्त्वावर वीज निर्माण करणारी यंत्रे तयार झाली. ती फिरविण्यासाठी बहुतेक ठिकाणी कोळसा जाळून वाफ करावी लागे. परंतु उंचावरून पडणारे पाणीही यंत्राचे चाक फिरवू शकते. मग कोळशाची गरज काय? भारतात १९०२ साली म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण केली आणि ती सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली. १९१५ साली सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली येथे टाटांचे विद्युद्गृह सुरू झाले आणि तेथील विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या.

कोल्हापूर संस्थानात कोळशाची खाण नव्हती. पण पाऊस होता, डोंगर होते आणि नद्या होत्या. त्या नद्यांना बांध घालण्याचे धैर्य तेवढे हवे होते. महाराजांनी ते दाखविले. १९०७ च्या सुमारास भोगावतीवर धरण बांधण्याची योजना त्यांनी आखली. एका लहानशा संस्थानाने एवढे मोठे काम अंगावर घ्यावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. अरण्यातून वाट काढावयाची, दगड फोडावयाचे आणि मुसळधार पावसात चार महिने काम बंद ठेवावयाचे, अशा अडचणी पावलोपावली होत्या. तरीही काम सुरू झाले. जलाशयास महाराणी लक्ष्मीबाईंचे आणि गावास कन्या राधाबाईंचे नाव मिळाले.

धरणाची भिंत चढत होती, त्याच काळात महाराज दुसरीही कामे उभारीत होते. १९०६ साली त्यांनी कोल्हापुरात सूत व कापडाची गिरणी सुरू केली होती. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली होती. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. शेताला पाणी मिळाले, तर शेतकऱ्याचे पोट भरेल आणि त्याच्या मुलाला शाळा मिळाली, तर त्याचे डोळे उघडतील. महाराजांच्या दृष्टीने ही दोन कामे वेगळी नव्हती.

परंतु पुढचे दिवस कठीण आले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. संस्थानाच्या तिजोरीवरचा भार वाढत गेला आणि धरणासाठी पैसा पुरेना. १९१८ च्या सुमारास, भिंत चाळीस फुटांच्या आसपास आली असता, काम थांबले. त्याच वर्षी महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीत अपघात होऊन मृत्यू झाला. पुत्रशोकाने महाराज खचले. तरी लोककार्यातून त्यांनी अंग काढून घेतले नाही. अस्पृश्यतेविरुद्धचे त्यांचे महत्त्वाचे हुकूम याच्या पुढच्याच वर्षी निघाले. पण धरण अर्धेच राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

अर्धवट राहिलेले काम पुष्कळदा कायमचे विस्मरणात जाते. राधानगरीचे तसे झाले नाही. जागा योग्य निवडलेली होती, पाया भक्कम होता आणि पाण्याची गरज तर दरवर्षी अधिकच जाणवत होती. म्हणून मागून आलेल्यांना हे काम टाकून देता आले नाही. देश स्वतंत्र झाला, १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत धरण पूर्णत्वास गेले. चाळीस फुटांवर थांबलेली भिंत चाळीस मीटरांहून अधिक उंच झाली. धरणाच्या पायथ्याशी बाराशे किलोवॅटचे चार जनित्रसंच बसविण्यात आले. तलावातील पाणी मोठ्या नळांतून वेगाने खाली येऊ लागले, त्याच्या जोराने चाके फिरू लागली आणि भोगावतीच्या पाण्यातून वीज निघू लागली.

हे विद्युद्गृह लहान आहे. साऱ्या जिल्ह्याची गरज त्यावर भागत नाही. परंतु वीज गावात आली, म्हणजे काय घडते, हे कोल्हापूरच्या खेड्यांनी अनुभवले आहे. पूर्वी घरची बाई पहाटे उठून जात्यावर दळण दळीत असे. विजेच्या चक्कीने तिचे ते कष्ट वाचविले. विहिरीवर बैल मोट ओढीत. तेथे पंप आला. धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत येते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडते आणि विजेच्या पंपांनी उंचावरच्या शेतांत चढते. ऊस आणि गूळ यांसाठी नावाजलेल्या या मुलखाच्या हिरवेपणात त्या पाण्याचा आणि त्या विजेचा वाटा आहे. कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात डोळे ताणून वाचणारी मुले विजेच्या दिव्याखाली अभ्यास करू लागली. वीज नसती, तर पाणी नदीच्या पात्रातच राहिले असते. पाणी नसते, तर ही वीजच निर्माण झाली नसती.

आंब्याची कोय लावणारा म्हातारा त्या झाडाची फळे आपल्याला मिळतील की नाही, याचा हिशेब करीत नाही. शाहू महाराजांनी राधानगरीस जी कोय लावली, तिचे फळ त्यांना चाखावयास मिळाले नाही. पण त्यांनी अडविलेले पाणी आजही शेतात खेळते आणि त्या पाण्यातून निघालेला प्रकाश, ज्यांच्यासाठी त्यांनी शाळा उघडल्या, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या पुस्तकांवर पडतो.